फणा काढलेल्या नागाला खायला काय घालायचं?

श्रावण लागला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारा आजारी नसतो. कुणा नातेवाइकाला दाखवायला घेऊन आलेला विशी-बाविशीचा पोरगा गर्दी पांगली की टेबलाजवळ सरकतो. ‘सर, नाग धरलाय. तीन दिवस झाले, काहीच खाईना. जवळ गेलं की नुसता फुसफुस करतो. काय घालावं?’ नाग बहुतेक वेळा पाण्याच्या जारमध्ये असतो, झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली असतात. दूध ठेवून झालेलं असतं, अंडं ठेवून झालेलं असतं. कुणी बेडूक टाकलेला असतो आणि तो बेडूक नागाच्या वेटोळ्यावर निवांत बसलेला असतो.

मी माणसांचा डॉक्टर. जनावराच्या खाण्यापिण्याचं मला विचारू नका, असं सांगून मोकळं होता येईल. पण हा प्रश्न माझ्याच खात्यातला आहे. जारमध्ये साप आहे म्हटल्यावर पाणी बदलायला, घाण काढायला किंवा मित्राला दाखवायला त्यात कधी ना कधी हात जाणारच. आणि त्यानंतर तोच पोरगा आमच्याकडे अपघात विभागात येणार, या वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला.

मांजरसुंब्याच्या भोवतालचा मुलूख सापांना मानवणारा आहे. बालाघाटचे मुरमाड माळ, दगडी बांध, कडब्याच्या गंजी, घरात साठवलेली ज्वारी आणि तिच्या वासाने येणारे उंदीर. उंदीर आले की साप येणार. त्यामुळे सर्पदंशाचे रुग्ण आम्हाला नवे नाहीत. पण त्यांत सरळ दोन गट पडतात. एक गट ज्यांना साप दिसलाच नाही त्यांचा: अंधारात पाणी द्यायला गेलेला शेतकरी, गवत कापणारी बाई, ऊसतोडीच्या कोपीत जमिनीवर झोपलेलं लेकरू. दुसरा गट ज्यांनी साप पाहिला, पकडला, हातात धरला, त्यांचा. पहिल्या गटाला आपण बूट, बॅटरी, बाज आणि मच्छरदाणी देऊ शकतो, आणि ते अजूनही सगळ्यांपर्यंत पोचलेलं नाही ही खंत आहेच. दुसऱ्या गटाला मात्र बॅटरीचा उपयोग नाही. त्यांना साप समजायला हवा.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. २०२४ मध्ये आपल्या केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. या आकड्यात हातात साप धरून गेलेले थोडेच असतील. पण ते जवळपास सगळे तरुण असतात, आणि त्यातला प्रत्येक दंश टाळता येण्यासारखा असतो.

आता नागाकडे येऊ. लोक म्हणतात, नाग चिडलाय. नाग चिडलेला नसतो, घाबरलेला असतो. फणा म्हणजे वेगळा अवयव नाही. नागाच्या मानेतल्या बरगड्या लांब असतात. त्या बाजूला पसरल्या की वरची कातडी ताणली जाते आणि मान रुंद दिसते. उद्देश एकच, आपण आहोत त्यापेक्षा मोठे दिसावं आणि समोरच्याने निघून जावं. त्याच्या दृष्टीने माणूस म्हणजे चालता डोंगर. डोंगर अंगावर येत असताना त्याच्याजवळ दाखवायला एवढंच आहे.

प्रत्येक सापाची भीती दाखवायची तऱ्हा वेगळी. घोणस वेटोळं घट्ट करते आणि कुकरच्या शिट्टीसारखा लांब आवाज काढते. फुरसं अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर वाजवतं. धामण विषारी नाही, पण कोंडली गेली की मान फुगवते आणि सणसणीत चावतेही. दिवड मान चपटी करून नागाची नक्कल करते. मण्यारीची गोष्ट उलटी आहे. दिवसा तिला डिवचलं तर ती डोकं वेटोळ्याखाली लपवते, आणि ते पाहून ‘गरीब साप आहे’ असं म्हणणारे मी ऐकले आहेत. तीच मण्यार रात्री चावते, तिचं विष नागापेक्षा जहाल असतं आणि दंशाची जागा नीट दिसतही नाही.

या सगळ्या हालचाली म्हणजे इशारे आहेत. विष हे सापाचं भक्ष्य मिळवायचं साधन आहे. ते तयार व्हायला वेळ लागतो आणि ज्याला तो गिळू शकणार नाही अशा माणसावर ते खर्च करण्यात त्याचा काहीच फायदा नाही. म्हणून नाग कित्येकदा तोंड मिटूनच समोर झेपावतो, नुसती धडक देतो. कधी दात लागतात पण विष उतरत नाही. त्याला आम्ही कोरडा दंश म्हणतो. अशा दोन-चार प्रसंगांतून सुखरूप सुटलेल्या पोराला वाटू लागतं, आपल्या हाताला काहीतरी आहे, साप आपल्याला ओळखतो. त्याच्या हाताला काही नसतं. सापाने त्याला तीन वेळा बजावलेलं असतं, एवढंच.

आपल्या भाषेत ‘डूख धरणे’ हा शब्दप्रयोग रुजला आहे. साप चेहरा लक्षात ठेवतो, मागावर राहतो, सूड घेतो, अशी समजूत. सूड घ्यायला जी भावना आणि जी योजना लागते, ती सापाच्या मेंदूत असल्याचा काही पुरावा नाही. मात्र ‘साप म्हणू नये धाकला’ ही म्हण वैद्यकशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरते. अंड्यातून बाहेर पडलेल्या नागाच्या पिल्लाजवळही विष असतं आणि दातही असतात.

मग घाबरलेल्या सापाला शांत कसं करायचं? पुंगी वाजवून नाही. सापाला बाहेरचा कान नाही, तो मुख्यतः जमिनीतली कंपनं जाणतो. हवेतला आवाज त्याला अगदीच कळत नाही असं नाही, पण गारुड्यासमोर तो डोलतो ते सुरावर नव्हे. हलणाऱ्या पुंगीवर आणि हातावर तो नजर ठेवत असतो, कारण ती वस्तू कधी अंगावर येईल याचा त्याला भरवसा नसतो. आपण ज्याला नाच म्हणतो तो त्याचा पहारा असतो.

त्याला शांत करायची रीत अगदी बिनखर्चाची आहे: हलू नका, मागे सरका, त्याला निघायला वाट द्या. पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले, हे आमच्या पिढीला चांगलं आठवतं. पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकाराने. त्या विक्रमातून अनेकांनी धाडसाचा धडा घेतला. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. ते सापांशी खेळले नाहीत, सापांना त्यांच्या जागी राहू दिलं, म्हणून सापांनीही त्यांना राहू दिलं. हे कुणी करून पाहावं असं मी मुळीच सुचवत नाही.

परदेशात लाखो घरांत साप पाळले जातात, आणि घाबरट सापाला शांत करून खायला कसं लावायचं याचं तिथे एक शास्त्रच तयार झालं आहे. ते समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्या जारमध्ये नेमकं काय चुकतं ते त्यातून कळतं. तिथला लोकप्रिय साप म्हणजे आफ्रिकेतला बॉल पायथन, एक छोटा बिनविषारी अजगर. भीती वाटली की तो डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. हा साप उपास करण्यात पटाईत आहे, महिनोन् महिने खात नाही, आणि मालक मात्र हवालदिल होतात.

जाणकार त्यांना काय सांगतात? पहिला आठवडाभर त्याला हातच लावू नका. पेटीत अंग चोरून बसता येईल अशा दोन अंधाऱ्या जागा ठेवा, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. उबदार बाजूचं तापमान ३१-३२ अंश, थंड बाजूचं २६-२७. साप आपल्यासारखा आतून उष्णता तयार करत नाही. बाहेरची ऊब मिळाली तरच त्याचं पचन चालतं. पिण्याचं स्वच्छ पाणी कायम हवं. पेटी वर्दळीच्या जागी ठेवू नका, त्यावर कापड टाका. खाणं संध्याकाळनंतर द्या, लांब चिमट्याने, हाताने कधीच नाही. या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात आणि ऊबदार हात त्याला उंदरापेक्षा वेगळा वाटत नाही. उंदीर जिवंत टाकू नका, कारण न खाणाऱ्या सापाला उंदीरच कुरतडतो. गोठवलेला उंदीर साध्या तापमानाला आणून थोडा गरम करून द्या. नाही घेतला तर काढून घ्या आणि पुन्हा आठवडाभर पेटीकडे फिरकू नका. खाल्लाच तर पुढचे दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर तो सगळं ओकून टाकतो. वजन उतरत असेल, तोंडातून फेस किंवा शेंबडासारखं काही येत असेल, तर पशुवैद्य गाठा.

या सगळ्या सूचनांमध्ये खाण्याबद्दलच्या दोन-तीनच आहेत. बाकी सगळ्या एकटं सोडण्याबद्दलच्या आहेत. पिढ्यान् पिढ्या पेटीत जन्मलेल्या, बिनविषारी, स्वभावाने थंड सापाची ही तऱ्हा. मग कालपर्यंत बांधावर फिरणाऱ्या, भर दुपारी जारच्या पारदर्शक भिंतीमागे चारी बाजूंनी माणसं पाहणाऱ्या नागाने काय खावं अशी आपली अपेक्षा आहे?

म्हणजे तो पोरगा विचारतो त्या प्रश्नाचं उत्तर असं: काहीही घालू नका. नाग भुकेला नाही. सापाचं एक जेवण त्याला कित्येक दिवस पुरतं. शरीराची भट्टी पेटती ठेवायला आपल्याला जेवढं इंधन लागतं, त्याच्या मानाने त्याला अगदी किरकोळ लागतं. आणि भीतीच्या अवस्थेत कुठलाही प्राणी जेवत नाही. गिळताना साप हतबल असतो, त्याला चावता येत नाही, पळता येत नाही. धोका दिसत असताना तो भक्ष्य तोंडात घेणारच नाही. उलट पोटात असलेलं बाहेर टाकून हलकं होणं त्याला सोयीचं पडतं. पकडताना सापाने उंदीर ओकला तर लोकांना तो चमत्कार वाटतो. तो पळण्याची तयारी करत असतो.

काही जण हट्टाने तोंड उघडून भरवतात. हे सर्वांत घातक, दोघांसाठीही. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड त्याच्या जबड्यात अगदी पुढे, खालच्या बाजूला असतं. शिकार तोंडात असतानाही श्वास घेता यावा म्हणून निसर्गाने केलेली ती सोय. तोंडात दूध किंवा कुठलाही द्रव ओतला की तो सरळ फुप्फुसात उतरतो. पुढे न्यूमोनिया होतो आणि साप मरतो. हे सगळं दिसायला वेळ लागतो, म्हणून दूध पाजणाऱ्याला आपण त्याला मारलं हे कधी कळतच नाही.

दुधाबद्दल स्पष्टच लिहायला हवं. दूध हे सस्तन प्राण्याच्या पिल्लाचं अन्न आहे. साप सस्तन नाही, ते पचवायची सोय त्याच्या आतड्यात नाही. नागपंचमीला नाग दूध पिताना लोकांनी पाहिलेला असतो, ते खोटं नसतं. गारुडी त्या आधी त्याला बरेच दिवस पाण्यावाचून ठेवतो. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल तो द्रव पितो. त्याच्या दातांचंही तेच. दात उपटून ‘निर्विष’ केलेल्या नागाचं तोंड पिकतं, आणि काही काळाने त्या जागी मागचा नवा दात पुढे येतो. मालकाला वाटतं साप बिनदाती आहे. दंश झाल्यावर कळतं.

आणखी एक शब्द तपासून घेण्यासारखा आहे, ‘माणसाळला’. चार दिवस जारमध्ये ठेवलेला नाग फणा काढायचा थांबतो, हातावर घेतला तरी लोंबकळतो, आणि व्हिडिओखाली कौतुकाच्या ओळी पडतात. तापात बरळणारं लेकरू अचानक गप्प झालं तर आम्ही डॉक्टर निर्धास्त होत नाही, आम्ही धावतो. साप शांत होणं आणि साप मरगळणं यांत तोच फरक आहे. शांत साप जीभ बाहेर काढत आजूबाजूचा वास घेतो, हळू आणि सलग सरपटतो, आडोसा शोधतो. मरगळलेला साप पाण्यावाचून सुकलेला, थंडीने किंवा उन्हाने थकलेला असतो. आणि मरगळलेल्या नागाच्या विषग्रंथी तितक्याच भरलेल्या असतात. अगदी तोडलेलं डोकंसुद्धा काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकतं.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचं उदाहरण या निमित्ताने घ्यायला हवं. तिथली नागपंचमी जगभर गाजली ती जिवंत नागांमुळे. नाग पकडायचे, मडक्यात ठेवायचे, पूजा करायची, मिरवायचे आणि मग सोडून द्यायचे. सोडून देत होते, मारत नव्हते, हे शिराळकर आवर्जून सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण मधल्या दिवसांत त्या नागाचं काय होत होतं, हा प्रश्न न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर, विशेषतः २०१४ पासून, जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणूक बंद झाली आणि प्रतिमेची पूजा होऊ लागली. २०२५ मध्ये केंद्र सरकारने शैक्षणिक हेतूने २१ नाग पकडायला अटींसह परवानगी दिली. शिकवण्यासाठी साप दाखवायला माझा विरोध नाही. पण अशा वेळी मडक्यातून बाहेर काढलेला, फणा उभारलेला नाग पाहून मुलांना नेमकं काय शिकवलं जाणार, हे विचारायला हवं. ‘हा घाबरला आहे, म्हणून आपण मागे सरकू’ असं कुणी सांगणार असेल तर ते शिक्षण. नाहीतर तो खेळच, नाव बदललेला.

कायदा तर स्पष्ट आहे. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ हे आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पकडून घरी ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास होऊ शकतो. ‘थोडे दिवस ठेवतो, मग सोडतो’ यालाही सूट नाही. बॉल पायथनसारखे परदेशी साप शहरांतल्या काही घरांत पोचले आहेत. त्यांची परिवेश पोर्टलवर नोंद करणं २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. असा साप असलेल्या घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत आणि अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. प्राणी ठणठणीत दिसतो, मुलाला मात्र जुलाब, ताप आणि कधी रक्तातला संसर्ग होतो. सापाला हात लावल्यावर साबणाने हात धुणं, पेटी स्वयंपाकघराच्या मोरीत न धुणं, हे नियम परदेशातही विसरले जातात.

सर्पमित्रांबद्दल मनात आदर ठेवूनच पुढचं लिहितो. खेड्यात साप निघाला की पूर्वी काठीच निघायची. आज लोक फोन करतात, हा मोठा बदल या मुलांनी घडवला. आमच्याच जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावात, सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या दांपत्याने ‘सर्पराज्ञी’ हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र उभं केलं. जखमी जनावराला कुठे न्यायचं, याचं उत्तर त्यामुळे बीडकरांजवळ आहे. पण याच कामाच्या आडोशाने एक वेगळी जमात वाढली आहे. साप पिशवीत जायला पाच मिनिटं लागतात. कॅमेरा सुरू असेल तर अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात शेपटीला धरून फिरवणं, फण्यावर थोपटणं, क्वचित चुंबनसुद्धा. दंश त्या वेळी होतो. बहुतेक वेळा बोटाला होतो, आणि नागाचं विष नुसतं श्वास थांबवत नाही, ते दंशाच्या जागेचं मांसही सडवतं. जीव वाचूनही बोट गमावलेली माणसं असतात. ज्याला हार्मोनियम वाजवायची होती, किंवा फक्त ट्रॅक्टरची किल्ली फिरवायची होती, त्याला त्या बोटाची किंमत विचारा.

‘मला आधी दोनदा चावलाय, आता अंगाला सवय झाली’ असंही ऐकायला मिळतं. दोन-चार दंशांनी अंगात संरक्षण तयार होत नाही. झालंच तर उलटं होतं. वारंवार सापांच्या संपर्कात येणाऱ्या काहींना विषाची ॲलर्जी जडते, आणि पुढच्या दंशाला विष चढण्याआधी ॲलर्जीनेच रक्तदाब कोसळतो. आपलं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून तयार होतं. ते जीव वाचवतं, पण त्याचीही तीव्र प्रतिक्रिया कुणाला येऊ शकते, म्हणून ते रुग्णालयातच द्यावं लागतं. १० मिलीच्या ८ ते १० कुप्यांपासून सुरुवात होते. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने मूल म्हणून विष कमी टोचलेलं नसतं. हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, त्यामुळे उपचारासाठी साप पकडून आणायची गरज नसते. पिशवीत जिवंत साप घेऊन वॉर्डात शिरणारे नातेवाईक अधूनमधून येतात. मारलेला साप आणणारेही येतात. दोन्ही नकोत. लांबून, सहज निघाला तर एखादा फोटो पुरे.

आत्ता या घडीला कुणाच्या घरी जारमध्ये साप असेल तर त्याने एवढं करावं. जार सावलीत ठेवून त्यावर जाड कापड टाकावं. दूध, अंडं, बेडूक काही घालू नये. मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. स्वतः गाडीवर घालून दहा-वीस किलोमीटरवर नेऊन सोडण्याचा शहाणपणा करू नये. सापाला आपल्या टापूतली बिळं, पाणी, आडोसे माहीत असतात. अनोळखी मुलखात सोडलेले साप भटकत राहतात आणि लवकर मरतात, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय ज्या गावात आपण तो सोडतो त्या गावाने आपलं काय वाकडं केलेलं असतं?

आणि दंश झालाच तर. हातातली अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर ती निघत नाहीत. फळकुट किंवा पुठ्ठा लावून हात स्थिर करा, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. रुग्णाला चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिविष असलेल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. पापण्या जड वाटणं, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळता न येणं ही विष चढत असल्याची चिन्हं आहेत. मण्यारीच्या दंशात पहाटे नुसतं पोट दुखतं आणि घरचे ओवा-सोडा देत बसतात, हेही ध्यानात असू द्या.

एक अडचण मात्र याच दुसऱ्या गटाची, साप हाताळणाऱ्यांची, आहे. ते खरं सांगत नाहीत. साप धरणं गुन्हा आहे हे आता सगळ्यांना कळलंय, त्यामुळे ‘विंचू चावला’, ‘काटा रुतला’, ‘उंदराने चावा घेतला’ अशी काहीही कारणं पुढे येतात. कधी घरच्यांपासून लपवण्यासाठी पोरगा दोन-तीन तास गप्प बसून राहतो, मित्र त्याला देवळात नेतात, आणि पापण्या मिटायला लागल्या की आमच्याकडे आणतात. नागाच्या दंशात त्या दोन-तीन तासांत श्वासाचे स्नायू थकायला लागलेले असतात. सर्पदंशाची पोलिसांकडे नोंद होते ती नियमाप्रमाणे, शेतकऱ्याची होते तशीच याचीही, आणि तिच्यासाठी उपचार थांबत नाहीत. आम्हाला दोनच गोष्टी ताबडतोब हव्या असतात: दंश किती वाजता झाला आणि साप कोणता होता. पकडणाऱ्याला साप ओळखता येतो. दारात पाऊल ठेवताच त्याने त्याचं नाव आणि वेळ सांगावी.